लिमोनचेल्लोवर तवंग, फ्रीजरमध्ये बर्फ: आधी टक्के मोजा

तुम्ही कॅलिफोर्नियातून लिहिलंय की व्होडका वापरून केलेल्या लिमोनचेल्लोवर (लिंबाच्या सालीची गोड इटालियन दारू) तेलाचा तवंग आलाय, फ्रीजरमध्ये त्याचा बर्फाचा चुरा होतोय, नाताळात दहाएक जणांना बाटल्या द्यायच्या आहेत आणि एक पुण्यालाही न्यायची आहे. बरणी कशी धुवायची, गाळायचं कसं हे तुम्हाला येतंय असं दिसतं, त्यामुळे ते सोडून देते.

घोळ पाकात नाही, सालीतही नाही. घोळ तुम्ही घेतलेल्या कृतीतल्या ‘१ लिटर अल्कोहोल, १ लिटर पाणी, ७०० ग्रॅम साखर’ या प्रमाणात आहे. ही कृती इटलीतली आहे आणि तिथे सुपरमार्केटात अशा कामासाठी ९५ अंशांचं अल्कोहोल मिळतं. त्यांचे अंश म्हणजे सरळ टक्के. अमेरिकेतलं प्रूफ म्हणजे टक्क्यांच्या दुप्पट. साधी व्होडका ८० प्रूफ, म्हणजे ४० टक्के. इंग्रजीत कृती उतरवून घेणारे खुशाल ‘व्होडकाही चालेल’ असं लिहून मोकळे होतात, पाण्याचं माप मात्र तेच ठेवतात. या एका वाक्यापायी किती लिंबं नासली असतील देव जाणे.

तुमचा हिशोब बघा. ७५० मिलि व्होडकात शुद्ध अल्कोहोल ३०० मिलि. तुम्ही त्यात ७५० मिलि पाणी आणि ५२५ ग्रॅम साखर घातलीत. १०० ग्रॅम साखर विरघळली की साधारण ६२ मिलि जागा घेते, म्हणजे पाक झाला सुमारे १०७५ मिलि. एकूण १८२५ मिलिमध्ये ३०० मिलि अल्कोहोल: जेमतेम १६ टक्के. घरच्या फ्रीजरचं तापमान असतं उणे १८ सेल्सिअसच्या आसपास. त्यात हे गोठणारच. तवंगाचं कारणही तेच. सालीतलं तेल कडक अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाक पडला की त्याचे बारीक थेंब होतात आणि दारू दुधाळ दिसते. हे दुधाळपण चांगलंच, ते घालवायच्या मागे लागू नका. पण अल्कोहोल फार कमी पडलं, किंवा पाक गरम असतानाच ओतला, की थेंब एकमेकांत मिसळून वर तरंगतात. पाक पूर्ण गार हवा, कोमट नव्हे.

फेकू नका, वाचेल. कॅलिफोर्नियात ६० टक्क्यांवरचं विकायला बंदी आहे, म्हणून तुमच्याकडे एव्हरक्लिअर (बिनस्वादाचं कडक अल्कोहोल) १२० प्रूफचं मिळेल. त्याची ७५० मिलिची एक बाटली आणा, पण तशीच ओतू नका, नाहीतर लिंबाचा स्वाद पातळ होईल. आधी त्यात ८ ते १० लिंबांची साल घाला. फक्त पिवळी, सोलाण्याने काढताना पांढरं आलं तर सुरीने खरवडा, सगळा कडवटपणा त्या पांढऱ्यात असतो. दुकानातल्या लिंबांवर मेण असतं, ते गरम पाण्यात ब्रशने घासून काढा. शेजाऱ्यांच्या अंगणात मायर लेमन असेल तर हात पसरून मागा. मेण नाही आणि हंगामही हाच. मात्र त्याचा वास जरा फुलांसारखा येतो, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

दहाएक दिवसांत साल फिकट पडून कागदासारखी कडक होते. तेवढं पुरे, महिनाभर ठेवण्याचं कौतुक मला कळलेलं नाही. मग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि आत्ताच्या मिश्रणात ओता. गाळायचं ते मिसळण्याआधीच, नंतर पेपर तुंबतो. एकूण अडीच लिटरच्या आसपास होईल, २८-२९ टक्के, लिटरला २०० ग्रॅमच्या वर साखर. आणखी साखर नको. दुसऱ्या दिवशी वर जे तेल राहील ते टिश्यूच्या कडेने टिपून घ्या, कारण हवा आणि उजेड लागला की तेच आधी खवट होतं आणि टर्पेंटाइनसारखा वास येतो. अंधारात आठवडाभर मुरू द्या, बाटल्या गळ्यापर्यंत भरा. २५० मिलिच्या दहा होतील.

पुढच्या वेळी सुरुवातीपासून करायचं तर ७५० मिलि ६० टक्केवाल्याला ४८० मिलि पाणी आणि ४०० ग्रॅम साखर. अंदाजे ३० टक्के येतं. हे काम गॅसपासून लांब करा, इतक्या कडक अल्कोहोलची वाफ पेट घेते.

दालचिनी, लवंग घालून ‘ख्रिसमस स्पेशल’ करायचा मोह होईल. दालचिनी दोन दिवसांत काढा. लवंग घालूच नका, लिंबू संपतं आणि दंतमंजन उरतं. भेटीसाठी साय (क्रीम) घातलेला लिमोनचेल्लोचा प्रकारही नको. तो फ्रीजमध्येच ठेवावा लागतो आणि लोक टेबलावर सजवून ठेवतात.

आता पुणे. मी वकील नाही, नियम जाण्याआधी स्वतः तपासा. अमेरिकेतून उडताना २४ ते ७० टक्क्यांची दारू चेक-इन सामानात माणशी ५ लिटरपर्यंत चालते, पण दुकानातल्या सीलबंद बाटलीतच. घरची बाटली त्यात बसत नाही. विमान कंपन्यांच्या फोनवर याचं उत्तर मागू नका: एक जण ‘चालेल’ म्हणतो, काउंटरवरचा बाहेर काढायला लावतो, आणि तक्रारीला उत्तर येतं की ‘आमच्या वेबसाइटवर लिहिलेलं आहे’. एका कंपनीने हे असं केलं, नाव घेत नाही, पण अजून डोकं तापतं. टपालाने पाठवायचाही विचार सोडा: अमेरिकेच्या टपालात दारूला बंदीच आहे, आणि खासगी कुरिअरवाले फक्त परवानाधारकांकडून घेतात. त्यामुळे हाताने नेऊन देता येईल त्यांनाच द्या. पुण्याच्या मंडळींना विमानतळावरच्या दुकानातली घ्या.

बाटलीवर तारीख, टक्के आणि ‘यात दारू आहे’ हे मोठ्या अक्षरांत लिहा. पिवळं, गोड, फ्रीजमध्ये ठेवलेलं. पोरं सरबत समजून घेतील.