सिगफ्रिड एडस्ट्रॉम यांचे विद्युतीकरणातील कार्य काय होते?
आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष (१९४६–५२) म्हणून परिचित असलेले एडस्ट्रॉम (१८७०–१९६४) हे मुळात स्वीडिश विद्युत अभियंते होते आणि माझ्या मते त्यांचे खरे कर्तृत्व उद्योगातच आहे. गोथेनबर्ग आणि झुरिच येथे शिक्षण, अमेरिकेत काही वर्षे नोकरी आणि मग गोथेनबर्गच्या ट्रामसेवेचे व्यवस्थापन, जिथे घोड्यांच्या जागी १९०२ मध्ये वीज आली, असा त्यांचा आरंभीचा प्रवास होता. १९०३ मध्ये वालेनबर्ग घराण्याच्या बँकेने आर्थिक अडचणीत सापडलेली वेस्टेरोसची ‘आसेआ’ ही विद्युत उपकरणे बनवणारी कंपनी त्यांच्याकडे सोपवली आणि १९३३ पर्यंत ते तिचे प्रमुख राहिले. याच काळात, १९२६ मध्ये, स्टॉकहोम–गोथेनबर्ग हा मुख्य रेल्वेमार्ग विजेवर आला. त्याची इंजिने ‘आसेआ’च्या तंत्रावर आधारलेली होती.