नाओमी नेव्हिल नावाची बाई कोण?

प्रश्न: रोलिंग स्टोन्सनी गायलेलं 'फॉर्च्युन टेलर' ऐकलं, गीतकार म्हणून नाओमी नेव्हिल असं नाव दिसलं. मग अर्मा थॉमसच्या 'रूलर ऑफ माय हार्ट'वरही तेच! पण या बाईंचा फोटो नाही, मुलाखत नाही, काहीच सापडत नाही. कोण होत्या या?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: बाई होत्या की, पण गाणी त्यांच्या मुलाची! ॲलन टूसाँ, जन्म १९३८, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा पियानोवाला. साठच्या दशकात त्याने बरीच गाणी आईच्या माहेरच्या नावाने दिली. गाणी लिहायची, चाल लावायची, पियानो वाजवायचा, रेकॉर्डिंग सांभाळायचं, सगळं हाच करणार आणि वर पुढे यायला नको, असा माणूस.

तालमी आईवडलांच्या घरातच चालायच्या, पुढच्या खोलीत. गायक सगळे तिथेच पडलेले असायचे, एकाचं गाणं चालू असलं की बाकीचे मागे कोरसला. १९६१ला अर्नी के-डोचं 'मदर-इन-लॉ' अमेरिकेत एक नंबरला गेलं (सासूच्या तक्रारी कुठेही चालतात, फक्त इथे तक्रार जावयाची आहे), त्यात मधेमधे जो खर्जातला आवाज येतो ना, तो बेनी स्पेलमनचा. गाणं गाजल्यावर बेनी मागेच लागला की मलाही एक दे, तसाच आवाज लागेल असं. मग टूसाँने त्याला 'लिपस्टिक ट्रेसेस' करून दिलं आणि त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला होतं तुमचं 'फॉर्च्युन टेलर'. माझ्या मते हीच त्याची खरी कमाल, गाणं आधी आणि गायक नंतर असं नाहीच, समोरचा गळा बघून गाणं.

पुढचं भराभर सांगते. १९६६ला ली डॉर्सीचं 'वर्किंग इन द कोल माइन', १९७३ला भागीदारीत स्वतःचा सी-सेंट स्टुडिओ, लाबेल या तीन गायिकांच्या ग्रुपचं 'लेडी मार्मलेड' प्रोड्यूस केलं (लिहिलं दुसऱ्यांनी, हे लोक हमखास चुकतात), पॉल मॅकार्टनीसुद्धा १९७५ला याच्या स्टुडिओत येऊन रेकॉर्ड करून गेला. 'सदर्न नाइट्स' याचंच, लहानपणी लुइझियानातल्या खेड्यात नातेवाइकांकडे काढलेल्या रात्रींवरचं, पण नंबर वन केलं ग्लेन कॅम्पबेलने, १९७७ला.

मग २००५ला कॅटरिना वादळ आलं, घर आणि स्टुडिओ दोन्ही गेले, हा न्यूयॉर्कला. आणि गंमत बघा, आयुष्यभर मागे राहिलेला माणूस साठी उलटून गेल्यावर एकटा पियानो घेऊन स्टेजवर बसायला लागला! लोकांना ते जाम आवडलं. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये माद्रिदला कार्यक्रम करून हॉटेलवर आला आणि हार्ट अटॅकने गेला, ७७ वर्षांचा होता. २०२२ला न्यू ऑर्लिन्सने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरल लीचं रस्त्याला दिलेलं नाव काढून टूसाँचं दिलं, बरं केलं.

ऐकायला सुरुवात मात्र अर्मा थॉमसच्या 'इट्स रेनिंग'पासून करा, हेडफोन लावून, पियानोकडे लक्ष ठेवा.