सॅलॅमिसची लढाई: कोरीव चित्रातली आणि खरी

प्रश्न: एका जुन्या इतिहासग्रंथात सॅलॅमिसच्या आरमारी लढाईचे कोरीव छापचित्र पाहिले. त्यात ग्रीक जहाजांनी सगळी शिडे उभारलेली आहेत आणि वल्हेकरी साखळदंडांनी जखडलेले आहेत. हे चित्र कितपत खरे मानावे?

उत्तर: लढाईचा पुरावा म्हणून फारच थोडे. ग्रीक आणि इराणी (पर्शियन) आरमारांमधली सॅलॅमिसची लढाई इ.स.पू. 480 मधली, तर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून ते कागदावर छापण्याची कला युरोपात रुजली ती पंधराव्या शतकात. कोरणाऱ्याने ग्रीक युद्धनौका पाहिलेली असणे शक्यच नव्हते. बहुधा त्याने आपल्या काळची गॅली, म्हणजे वल्ह्यांनी चालणारी लांब युद्धनौका, डोळ्यांसमोर ठेवली आणि तीच ग्रीकांच्या हवाली केली.

साखळदंडांची चूक मला सर्वांत अन्यायाची वाटते. कैद्यांना आणि गुलामांना वल्ह्यांशी जखडण्याची रीत प्रामुख्याने सोळाव्या-सतराव्या शतकांतील गॅलींवरची आहे. अथेन्सच्या ट्रायरीम या युद्धनौकेवर तीन थरांत मिळून 170 वल्हेकरी बसत, आणि सॅलॅमिसला ते बहुतांशी स्वतंत्र माणसे होती. पुढे अथेन्सच्या लोकशाहीत गरीब नागरिकांचे वजन वाढले, तेही बऱ्याच अंशी या वल्ह्यांच्या जोरावर.

शिडांचेही तसेच आहे. शत्रूच्या कुशीत धडक मारायची तर वारा कुठूनही असो, जहाज क्षणात वळले पाहिजे, म्हणून लढताना सारी भिस्त वल्ह्यांवर असे आणि मोठी शिडे शक्यतो किनाऱ्यावरच ठेवली जात. धडक मारणारे हत्यार म्हणजे नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पाण्याच्या पातळीला बसवलेली कांशाची चोच. इस्रायलच्या किनाऱ्याजवळ अथलित येथे 1980 मध्ये अशी एक चोच सापडली. ती सॅलॅमिसनंतर बऱ्याच काळाने घडवलेली आहे. तिचे वजन सुमारे 465 किलो भरले आणि आत नाळेची लाकडे अजून अडकलेली होती. आपल्याजवळच्या चित्रात ही चोच पाण्यापासून बरीच वर असेल, तर ते चित्रकाराने आपल्या काळच्या गॅलीवरूनच घेतले आहे असे समजावे, कारण गॅलीच्या नाळेवरचे टोक पाण्याच्या वर असे.

खरी ट्रायरीम पाहायची असेल, तर अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर 1852 मध्ये सापडलेला शिल्पपट पाहावा. तो इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीचा असून जहाजाचा केवळ मधला तुकडा उरला आहे. त्यात वरच्या थरातले वल्हेकरी तेवढे दिसतात. खालच्या दोन थरांची फक्त वल्ही पाण्याकडे झेपावताना दिसतात.