अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून आर्ट्स-ह्युमॅनिटीजची दोन वर्षांची पदवी घ्यायला नेमकं काय काय पूर्ण करावं लागतं?

प्रश्न असा आहे: "एस.वाय.बी.ए.ला असताना लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर कॅलिफोर्नियात आहे, मुलगी शाळेत जाते. इथल्या कम्युनिटी कॉलेजमधून आर्ट्समधली दोन वर्षांची असोसिएट डिग्री करायची इच्छा आहे. त्यासाठी काय लागतं? जुने मार्क धरतात का? आणि गणित करावं लागेल का?"

गणिताचं आधी सांगते, कारण तुमची खरी धास्ती तीच दिसतेय. हो, करावं लागतं. आपल्याकडे अकरावीला आर्ट्स घेतलं की गणित-विज्ञानातून सुटका होते. इथे आर्ट्सची पदवी घेणाऱ्यालाही कॉलेजच्या पातळीचं एक गणित आणि विज्ञान करावंच लागतं. पण गणित म्हणजे कॅल्क्युलस नव्हे. आर्ट्सवाले बहुतेक जण स्टॅटिस्टिक्स घेतात. मीही तेच घेतलं, दहावीनंतर तब्बल चौदा वर्षांनी. पूर्वी प्रवेशाच्या वेळी परीक्षा घेऊन कच्च्या विद्यार्थ्यांना खालच्या वर्गात बसवायचे. मग दोन-तीन टर्म पायाभूत गणितातच जायच्या, आणि कितीतरी जण तिथेच गळायचे. २०१७ साली कॅलिफोर्नियात एबी ७०५ हा कायदा झाला आणि २०१९ च्या फॉलपासून (म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या टर्मपासून) हे चित्र बदललं. आता थेट पदवीच्या कोर्सला बसता येतं आणि गरज असेल तर त्याच्या जोडीला मदतीचा वर्ग घेता येतो. तो जोडवर्ग जरूर घ्या. मी घेतला होता. आठवड्यातले ते जादा दोन तास नसते तर माझं स्टॅटिस्टिक्स निघालं नसतं.

आता पदवीचा सांगाडा. मी बोलतेय ते कॅलिफोर्नियाबद्दल, कारण तुम्ही इथे आहात आणि मी इथेच शिकले. दुसऱ्या राज्यांत तपशील वेगळे असतात. असोसिएट इन आर्ट्स, म्हणजे ए.ए., मिळवायला किमान ६० सेमिस्टर युनिट लागतात (एक युनिट म्हणजे साधारण आठवड्याला एक तासाचा वर्ग). डी अँझा किंवा फूटहिलसारख्या क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे सेमिस्टरहून छोट्या टर्म असलेल्या, कॉलेजात गेलात तर तेच ९० क्वार्टर युनिट होतात. त्यातले किमान १८ युनिट तुमच्या मुख्य विषयातले किंवा विषयगटातले हवेत आणि त्यातल्या प्रत्येक कोर्सला सी किंवा त्याहून वरची ग्रेड हवी. एकूण जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, २.० च्या खाली जाता कामा नये. किमान १२ युनिट त्याच कॉलेजात केलेले असावे लागतात. उरलेला मोठा हिस्सा जनरल एज्युकेशनचा, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या सगळ्यांना सक्तीच्या कोर्सचा, आणि तरीही ६० भरले नाहीत तर इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या आवडीचे कोर्स.

"दोन वर्षांची" या शब्दावर मात्र फार विसंबू नका. १२ युनिट घेतले की कॉलेजच्या हिशेबी तुम्ही फुल टाइम विद्यार्थी. पण चार सेमिस्टर प्रत्येकी १२ घेतले तर बारा चोक अठ्ठेचाळीसच होतात. ६० व्हायला दर सेमिस्टरला १५ घ्यावे लागतात, नाहीतर उन्हाळी टर्म जोडावी लागते. तीन युनिटच्या कोर्सला आठवड्याला तीन तास वर्ग आणि साधारण सहा तास घरचा अभ्यास धरा. म्हणजे १५ युनिट ही आठवड्याची ४५ तासांची नोकरीच झाली. मुलगी शाळेतून येईपर्यंतचा वेळ हाताशी असेल तर सहा ते नऊ युनिट झेपतात. मला चार वर्षं लागली, २०१८ ते २०२२. एच-फोरवर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही आणि फुल टाइम शिकण्याची सक्तीही नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावाल्यांना ती असते. तुमची ही मोठी सोय आहे, ती वापरा.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण इथेच माझं एक अख्खं सेमिस्टर वाया गेलं.

"आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज" या नावाची पदवी बऱ्याच कॉलेजांत असते. लिबरल आर्ट्सच्या ए.ए.मध्ये तो विषयगट निवडायचा, आणि त्या १८ युनिटांत चित्रकला, संगीत, नाटक, साहित्य, तत्त्वज्ञान, भाषा यातलं मनाजोगं काहीही घ्यायचं. ऐकायला फार छान वाटतं. मीही पहिल्या भेटीत काउन्सेलरने पुढे केलेल्या कागदावर तीच निवडली. वर्षभराने कळलं की ही त्या कॉलेजची स्थानिक पदवी आहे. पदवी म्हणून ती पक्की, पण पुढे बी.ए.ला थेट जागा मिळण्याची हमी तिच्यासोबत येत नाही. ती हमी येते असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फरसोबत (ट्रान्स्फर म्हणजे इथून पुढे विद्यापीठात जाणं), जिच्या नावात ए.ए.-टी असं लिहिलेलं असतं. २०१० च्या एसबी १४४० कायद्याने ही सोय झाली. त्यात ६० ट्रान्स्फर होणारे युनिट ठरलेल्या साच्यात पूर्ण केले की कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत (सीएसयू) तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची खात्री मिळते, आणि तिथे तशाच विषयात आणखी ६० युनिटांत बी.ए. होतं. हमी सीएसयूची असते, तुम्हाला हव्या त्याच कॅम्पसची नव्हे. पण आर्ट हिस्ट्री, इंग्लिश, इतिहास, तत्त्वज्ञान, स्टुडिओ आर्ट्स, म्युझिक असे विषय त्यात असतात. मी मग आर्ट हिस्ट्रीकडे वळले. आधी केलेले दोन कोर्स साच्यात कुठेच बसेनात, ते नुसते इलेक्टिव्ह म्हणून पडून राहिले.

म्हणून पहिल्याच भेटीत काउन्सेलरला हे विचारा: "ही पदवी स्थानिक आहे की ट्रान्स्फरची?" तुम्हाला बी.ए. करायचंच नसेल, केवळ सुटलेलं शिक्षण पुरं करायचं असेल, तर स्थानिक पदवी खरंच उत्तम, तिच्यात मोकळीक जास्त आहे. पुढे वर्क परमिट मिळाल्यावर शाळेत शिक्षकांच्या मदतनीस म्हणून काम करायचं असेल तरीही ती उपयोगी पडते. फेडरल निधीवर चालणाऱ्या मदतनीसांच्या जागांसाठी दोन वर्षांचं कॉलेज शिक्षण ही एक मान्य पात्रता आहे. पण मनात कुठेतरी बी.ए. असेल, आणि तुमचं अर्धं राहिलंय म्हणून मला वाटतं असणारच, तर पहिल्या दिवसापासून ए.ए.-टीचा साचा धरा.

जनरल एज्युकेशनही या निवडीवरच ठरतं. स्थानिक पदवीला २०२५ च्या फॉलपासून किमान २१ युनिटांचा गट आहे. ट्रान्स्फरसाठी त्याच वेळेपासून कॅल-जीईटीसी नावाचा एकच आराखडा आला. त्यात अकरा कोर्स, ३४ युनिट. इंग्रजी लेखन, चिकित्सक विचारासह दुसरं लेखन, वक्तृत्व, एक गणित, एक कलेचा आणि एक मानव्यविद्येचा कोर्स, दोन वेगवेगळी सामाजिक शास्त्रं, एक भौतिक आणि एक जैविक विज्ञान, त्यांपैकी एकाला प्रयोगशाळा, आणि एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समूहांच्या अभ्यासाचा, एक. प्रत्येकात सी हवाच. यातले काही कोर्स मुख्य विषयातही मोजले जातात, त्यामुळे १८ आणि ३४ ची सरळ बेरीज करून घाबरू नका.

इंग्रजी लेखनाचा कोर्स आपल्या लोकांना सगळ्यात जड जातो असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण इंग्रजी हे नाही. आपण गाईड वाचून, तयार उत्तरं पाठ करून लिहायला शिकलेलो असतो. इथे दुसऱ्याचं वाक्य त्याचं नाव न देता घेतलं की ती चोरी धरतात आणि शून्य मार्क पडतात. माझ्या पहिल्या निबंधात प्राध्यापकांनी समासात एकच प्रश्न चार ठिकाणी लिहिला होता: यात तुमचं मत कुठे आहे? त्या दिवशी घरी येऊन मी रडले. पण पुढच्या सोळा आठवड्यांत मी जे शिकले ते आधीच्या सगळ्या शाळेत शिकले नव्हते. पहिल्या टर्मला हा कोर्स घ्याच, आणि त्याच्यासोबत दुसरं फार काही घेऊ नका.

वक्तृत्वाच्या कोर्सला वर्गासमोर उभं राहून भाषणं करावी लागतात. माहितीपर भाषणाला मी जात्यावरच्या ओव्या हा विषय घेतला. माझी आजी जळगावकडे पहाटे दळताना म्हणायची, त्यातली एक म्हणून दाखवली आणि मग इंग्रजीत अर्थ सांगितला. वर्गात व्हिएतनामी, मेक्सिकन, अफगाण घरातली मुलं होती. भाषण संपल्यावर तिघी जणी आपापल्या आजीची गाणी सांगायला थांबल्या. उच्चारांची काळजी मी त्यानंतर सोडून दिली.

मुख्य विषय हा या सगळ्यातला आनंदाचा भाग. आर्ट हिस्ट्रीला पाश्चात्त्य कलेचे सर्वेक्षणाचे कोर्स, एक पाश्चात्त्येतर कलेचा आणि ड्रॉइंगचा एक कोर्स होता. आशियाई कलेच्या वर्गात एके दिवशी पडद्यावर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आला. शाळेच्या सहलीत मी तो पाहिलेला, म्हणजे त्याच्यासमोरून रांगेने पुढे गेलेली. प्राध्यापकांनी त्या एका चित्रावर पाऊण तास घेतला. खाली झुकलेली नजर, किंचित वळलेली मान, मुकुटाची नक्षी, भोवतालच्या गर्दीत तो एकटाच कसा शांत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये जाऊन एका मूर्तीसमोर तासभर उभं राहायचं आणि जे दिसतं तेवढंच लिहायचं, असा त्या वर्गाचा पेपर होता. इतकं जवळचं काही इतक्या दुरून कळावं याचं मला अजून नवल वाटतं. तुम्ही नाशिककडच्या असाल, औरंगाबादकडच्या असाल, कुठल्याही असाल, हा एक कोर्स इलेक्टिव्ह म्हणून तरी घ्या.

जुन्या मार्कांचं आता. तुमच्या एफ.वाय.-एस.वाय.चे मार्क आपोआप धरले जात नाहीत. विद्यापीठाची सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवून ती डब्ल्यूईएससारख्या मान्य संस्थेकडून कोर्सनिहाय तपासून घ्यावी लागते. मग कॉलेज त्यातलं काय घ्यायचं ते ठरवतं. बहुधा इलेक्टिव्ह म्हणून काही युनिट मिळतात, स्थानिक पदवीत एखादा विषयही बसतो. पण ट्रान्स्फरच्या जनरल एज्युकेशनच्या साच्यात भारतातले कोर्स चालत नाहीत. त्यामुळे तिथे मोठी आशा ठेवू नका, पण ट्रान्सक्रिप्ट मागवा. दहा-बारा इलेक्टिव्ह युनिट मिळाले तरी एक सेमिस्टर वाचलं. दहावी-बारावीचे कागदही सोबत ठेवा. प्रवेशाला ते लागतीलच असं नाही, १८ वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही इथे प्रवेश मिळतो. पण सीएसयूहून वेगळ्या असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी माझ्या वेळी दुसऱ्या भाषेची अट होती. सहावीपासून पुढे दोन वर्षं इंग्रजीखेरीज दुसऱ्या माध्यमात चांगल्या मार्कांनी शिकल्याचा पुरावा दिला की ती पूर्ण व्हायची. माझ्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर आणि मार्कलिस्टवर ती पूर्ण झाली. इतर मुलं त्यासाठी स्पॅनिश शिकत होती. आता नव्या आराखड्यात तो भाग नाही, तरी काही ठिकाणी बी.ए. होताना भाषेची अट येतेच, तेव्हा ते कागद उपयोगी पडतील.

फीचा हिशेब रहिवासावर आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे ६० युनिटांचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. रहिवासी नसाल तर त्यावर युनिटमागे काही शेकडो डॉलर जास्त. एच-फोरवाल्यांना रहिवासी ठरता येतं. टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस राज्यात राहिल्याचं दाखवावं लागतं: भाडेकरार, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स भरल्याचे कागद. सगळं नवऱ्याच्या नावावर असतं ही आपल्याकडच्या बायकांची नेहमीची अडचण. आजच भाडेकरारात आणि बँक खात्यात तुमचं नाव घालून घ्या. वर्ष भरायला दोन महिने कमी असतील तर एक टर्म थांबा, फरक हजारोंचा पडतो.

दोन कागदी गोष्टी शेवटी. ज्या वर्षी तुम्ही सुरुवात करता त्या वर्षीच्या कॅटलॉगमधल्या (कॉलेजच्या नियमांच्या आणि कोर्सच्या पुस्तिकेतल्या) अटी तुम्हाला लागू राहतात, पण मध्ये खंड पडता कामा नये. तो कॅटलॉग डाउनलोड करून ठेवा. आणि सगळं पूर्ण झालं म्हणजे पदवी आपोआप हातात येते असं बऱ्याच कॉलेजांत होत नाही, पदवीसाठी वेगळा अर्ज ठरलेल्या तारखेआधी भरावा लागतो. माझ्या वर्गातल्या एकीचे ६४ युनिट झाले होते आणि हा अर्ज राहून गेल्याने तिची पदवी पुढच्या टर्मला गेली. शेवटच्या सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात तो भरा.

तुम्ही कुठल्या भागात राहता आणि रहिवासाचं वर्ष कधी भरतं ते खाली लिहा. तुमच्या जवळच्या कॉलेजाच्या कॅटलॉगमध्ये ए.ए.-टीचे कोणते विषय आहेत ते मी पाहून सांगते.