रिटर्नच भरला नाही तर मुदत सुरूच होत नाही

काका, तुमचा मेल दोनदा वाचला. असे मेल मला दर टॅक्स सीझनला येतात, कोणी न्यू जर्सीतल्या एडिसनहून फ्लोरिडातल्या टॅम्पाला गेलेलं असतं, कोणी पार्सिपनीहून ऑर्लँडोला, बाकी गोष्ट तीच. तुमची थोडक्यात अशी, की २० मे २०२३ ला तुम्ही आणि काकू टॅम्पाला राहायला गेलात, एडिसनचं घर तुमच्याच नावावर ठेवून मुलाला राहायला दिलंत, जुलैमध्ये जुन्या ४०१-के मधून (नोकरीतलं निवृत्ती खातं) १,२०,००० डॉलर काढून कॉन्डोत घातले, फेडरल रिटर्न फ्लोरिडाच्या पत्त्यावर भरला आणि "फ्लोरिडात स्टेट टॅक्स नाही" म्हणून स्टेटचं काही भरलंच नाही. १०९९-आर वर, म्हणजे त्या काढलेल्या रकमेच्या टॅक्स फॉर्मवर, मात्र एडिसनचाच पत्ता राहिला, आणि आता न्यू जर्सीच्या टॅक्स खात्याचं पत्र आलंय. तुमचा प्रश्न असा, की अजून थोडे दिवस गप्प बसलो तर तीन वर्षांची मुदत निघून जाईल ना?

नाही जाणार. ती तीन वर्षं रिटर्न भरल्यापासून मोजतात. रिटर्नच भरला नसेल तर मोजणी सुरूच होत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अशा वेळी टॅक्स कधीही लावता येतो. म्हणजे २०२३ चा हिशोब ते २०४० सालीसुद्धा मागू शकतात. एप्रिल २०२४ मध्ये पार्ट-इयर रिटर्न (वर्षाचा काही भागच तिथे राहिलेल्यांचा) टाकला असतात तर साधारण एप्रिल २०२७ ला विषय संपला असता, दोन-तीन तासांचं काम होतं हो. बाकी तुमचे सगळे मुद्दे यानंतरचे.

"तिथल्या महिन्यांत उत्पन्नच फारसं नव्हतं" असं तुम्ही लिहिलंय, तेही चालत नाही. जोडप्यासाठी २०,००० डॉलरची जी मर्यादा आहे ती अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नाला लावतात, न्यू जर्सीत राहिलेल्या महिन्यांना नाही. तुमचं वर्षाचं उत्पन्न त्याच्या कितीतरी वर गेलं, म्हणजे रिटर्न भरायचाच होता. १ जानेवारी ते २० मे मधली पेन्शन, बँकेचं व्याज आणि हो, पुण्याच्या एफडीचं त्या काळातलं व्याजही त्यात दाखवायचं, तिथे कापलेल्या टीडीएसचं क्रेडिट न्यू जर्सी देत नाही. सोशल सिक्युरिटीवर न्यू जर्सीचा टॅक्स नाही, ती चिंता सोडा.

आता ते १,२०,०००. १९९६ पासून फेडरल कायदा आहे की जो रहिवासी नाही त्याच्या ४०१-के, आयआरए (स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं), पेन्शनला जुनं राज्य हात लावू शकत नाही, नोकरी तिथे तीस वर्षं केली असली तरी. पण हा कायदा तुम्हाला वाचवणार कधी, तर जुलैमध्ये तुम्ही खरंच फ्लोरिडाचे झालेला होतात तरच, आणि ते सिद्ध करायचं तुम्ही. जुना डोमिसाइल, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमचं कायमचं राज्य, नवा पक्का होईपर्यंत सुटत नाही. तुम्ही फ्लोरिडाचं लायसन्स काढलंत जानेवारी २०२४ मध्ये, काढायला हवं होतं ३० दिवसांत. आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे २०२३ सालचा अँकरचा, म्हणजे न्यू जर्सीच्या प्रॉपर्टी टॅक्स सवलतीचा, चेक तुम्ही घेतलात. १ ऑक्टोबर २०२३ ला एडिसनचं घर हे माझं मुख्य घर होतं, असं सांगून तो मिळतो. एकीकडे मे मध्येच गेलो म्हणायचं आणि दुसरीकडे हे, समोरचा ऑडिटर पहिलं तेच काढेल. ते पैसे पत्र लिहून परत करा, रिटर्न टाकायच्या आधी.

तुमच्या बाजूने पण बरंच आहे. दिवस मोजले, मे पर्यंतचे १४०, गणपतीला १२, दिवाळीला १०, मिळून १६२. एडिसनचं घर हाताशी असताना १८३ च्या वर गेले असते तर डोमिसाइल कुठेही असो, रहिवासी ठरण्याचा धोका होता. टॅम्पाचा होमस्टेड अर्ज (राहत्या घरावरच्या प्रॉपर्टी टॅक्स सवलतीचा) १ मार्च २०२४ च्या आत केलात हे उत्तम. काकूंनी मला मूव्हर्सची यादी पाठवलीय, त्यात हाताने लिहिलंय "लाकडी मंदिर, १" आणि खाली सही, तारीख १९ मे. देव्हारा, दागिने, जुने अल्बम, ज्यात जीव असतो ते सामान कुठे गेलं हे डोमिसाइलच्या वादात खरंच बघतात. तो कागद जपून ठेवा, मूळ प्रत.

मग करायचं काय, तर २०२३ चा एनजे-१०४०, म्हणजे न्यू जर्सीचा रिटर्न, पार्ट-इयर म्हणून भरा, "पासून-पर्यंत" मध्ये २० मे लिहा, निघेल तो टॅक्स सोबतच द्या. उशिराचा दंड महिन्याला थकबाकीच्या ५ टक्के, जास्तीत जास्त २५, वर व्याज, शिवाय महिन्याला १०० डॉलर लावायचा त्यांना अधिकार आहे. दंड कमी करून मागता येईल, मिळेलच असं नाही. मुलगा भाडं देत असेल तर ते वेगळं, नॉन-रेसिडेंट रिटर्नमध्ये, दरवर्षी.

टॅक्स कोर्टात जाऊ का हे आत्ता विचारूच नका, तिथे वर्षं जातात आणि व्याज थांबत नाही. पण पत्र नुसतं रिटर्न मागणारं नसून असेसमेंटचं, म्हणजे टॅक्सची रक्कम ठरवून मागणारं, असेल तर हरकत घ्यायला ९० दिवसच असतात, ते गेले की मीही फारसं काही करू शकत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्या पानाचा वरचा भाग कापला गेलाय, तारीख तिथेच असते. आज रात्रीच पूर्ण पत्र पाठवा, सगळी पानं.