नजर चुकवणारा मुलगा

"मुलगा माझ्या डोळ्यांत बघून बोलत नाही, म्हणजे तो खोटंच बोलत असणार ना?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. गेल्या वर्षी हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका बाईंनी कार्यालयातील एका प्रशिक्षणात ऐकले होते की संवादाचा 93 टक्के भाग शब्दांवाचूनच होतो. तेव्हापासून दहावीतल्या मुलाच्या उत्तरांपेक्षा त्याचे नाक चोळणे आणि खाली बघणे त्या अधिक बारकाईने टिपत होत्या.

आधी तो आकडाच उलगडावा लागला. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधील प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून, तसेच चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी कोणती भावना आहे एवढेच ओळखायला सांगितले होते. शब्दांना 7, आवाजाला 38 आणि चेहऱ्याला 55 टक्के हे वजन त्यातून आले. 'क्लासला गेला होतास का' याचे उत्तर खरे की खोटे, हे त्यावरून ठरत नाही.

मुलगा आत आला तेव्हा त्याची नजर सारखी दाराकडे जात होती. त्याला इथून सुटायचे आहे, असा माझाही समज झाला. विचारल्यावर कळले की बाहेर काढलेले नवे बूट कुणी उचलून नेईल, अशी त्याला धास्ती होती. बूट आत आणले आणि स्वारी बोलू लागली.

मग मुलगा क्लासवरून घरी आल्यावरचा रोजचा प्रसंग जसाच्या तसा करून दाखवा, असे मी दोघांना सांगितले. बाई नकळत उठून उभ्या राहिल्या, ओढणी कमरेला बांधली गेली, आवाज चढला; मुलाने मान खाली घातली आणि तो अंगठ्याचे नख कुरतडू लागला. मोठ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, हे त्याला कुणी शिकवले, असे विचारताच बाईंना हसू आले. "आम्हीच," त्या म्हणाल्या. नाक तर तो गणित सोडवतानाही चोळतो, हेही त्यांच्याच बोलण्यात आले. नेहमीचे वागणे ठाऊक असल्याखेरीज आजच्या हालचालीचा अर्थ लावू नये आणि नाजूक प्रश्न समोर उभे राहून नव्हे, तर भाजी निवडताना शेजारी बसून विचारावेत, एवढेच मी सुचवले.

तिसऱ्या आठवड्यात स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाने आपणहून सांगितले की क्लास तो बुडवत नाही. पण घरी पाऊल टाकताच उलटतपासणी सुरू होते, म्हणून क्लास सुटल्यावर अर्धा तास मैदानाच्या कठड्यावर बसून राहतो. हे मला सांगताना बाई टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या.