व्हीलचेअरवरून थाळीफेक कशी करतात? माझा भाऊ पुण्यात सुरुवात करू शकेल का?

करू शकेल की. पण रोजच्या व्हीलचेअरवर बसून सहसा फेकत नाहीत. त्यासाठी थ्रोइंग चेअर लागते. ही लोखंडी चौकट असते, तिला चाकं नसतात आणि बैठक गादी धरून जास्तीत जास्त ७५ सेंटीमीटर उंच चालते. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात स्पर्धा असली की मी मदतीला असतो आणि माझा निम्मा वेळ या चेअर जमिनीला पक्क्या बांधण्यातच जातो. चारी बाजूंनी पट्टे आवळले की खेळाडू पुढचा दांडा धरून अंग मागेपुढे झोकून बघतो आणि सांगतो, "दादा, डावीकडे ढिली आहे." तो म्हणतो ते बरोबरच असतं. चेअर जरा जरी हलली तरी सगळा जोर तिथेच जिरतो.

थाळी पुरुषांसाठी १ किलोची (उभ्याने खेळणाऱ्या खुल्या गटात २ किलोची). एकदा चेअर बांधली की सगळ्या फेकी सलग घ्यायच्या, त्यामुळे एखादी बिघडली तरी हळहळायला सवड नाही. फेकताना बूड बैठकीवरून उचललं की फाऊल! प्रेक्षक थाळीकडे बघत असतात, तेव्हा एक पंच वाकून फक्त तेवढंच बघत असतो.

खरी मेख वर्गीकरणात, म्हणजे अपंगत्वानुसार गट ठरवण्यात आहे. पाठीच्या कण्याला इजा असलेले, पाय गमावलेले वगैरे बसून फेकणारे खेळाडू एफ५१ ते एफ५७ मध्ये येतात. आकडा जितका लहान, तितकी शारीरिक मर्यादा जास्त. आपला थाळीफेकपटू योगेश कथुनिया एफ५६ मध्ये खेळतो. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्याला ४४.३८ मीटरला रौप्य मिळालं, २०२४ ला पॅरिसमध्येही रौप्यच. टोकियोतच आपल्या विनोद कुमारनं एफ५२ मध्ये १९.९१ मीटरवर कांस्य जिंकलं होतं, पण तो त्या गटात बसत नाही असं ठरलं आणि पदक गेलं. म्हणून 'आमचा किती लांब टाकेल' हे गट कळल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

तुम्ही आधी भावाचं यूडीआयडी कार्ड (सरकारी अपंगत्व ओळखपत्र) काढून घ्या. चेअरची घाई नको. मापं पक्की झाली की भोसरीतला एखादा फॅब्रिकेशनवाला वेल्डिंग करून देईल. त्याआधी भावाला एकदा स्पर्धा बघायला आणा आणि कुणाच्या तरी चेअरवर बसवून बघा. खेळाडू सहसा नाही म्हणत नाहीत. फक्त त्यांच्या फेकी उरकल्यावर विचारा.